एका लादीचे अंतर

मुंबईच्या विमानतळापासून टोरांटोच्या विमानतळापर्यंतचे अंतर किती, आणि तेथून माहीमच्या आमच्या घरी यायला किती तास लागतात, या एका प्रश्नाचे उत्तर मला या प्रकरणात द्यायचे आहे. हा प्रश्न मला प्रथम विचारला गेला तेव्हा मी दहावीत होते. त्याचे बरोबर उत्तर मला त्याच आठवड्यात सापडले होते. पण विचारणाऱ्या माणसाला मी ते दिले नाही. पुढे तीस-बत्तीस वर्षे मी शाळेत भूगोल शिकवला आणि हजारो मुलींच्या वह्यांत चुकीच्या उत्तरांखाली लाल रेघ मारली. त्या एका उत्तराखाली रेघ मारायची राहून गेली आहे, ती आता मारते.

आमचे घर माहीमच्या कोळीवाड्यात, खाडीकडे तोंड करून होते. पुढे ओटा, मग एक लांबट खोली, मागे चूल आणि मोरी. ओट्याच्या डाव्या अंगाला बाबांचे जाळे कायम पसरलेले असे आणि उजव्या अंगाला बर्फाची जागा. तेथे भुशाच्या थरावर गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी आडवी ठेवलेली असे, आणि तिच्यातून झिरपणारे पाणी ओट्याच्या कडेने आखल्यासारखे एका रेषेत गटाराकडे जाई. पहाटे लोखंडी दांड्याने बर्फ फोडण्याचा आवाज हा आमच्या घरचा पहिला आवाज. त्यानंतर होड्यांच्या मशिनांची घरघर, त्यानंतर आईच्या बांगड्या, आणि मग सुकट भाजल्याचा वास. तांदळाची भाकरी, सुकट आणि कच्चा कांदा खाऊन मी शाळेत जात असे. हातांना वास राहू नये म्हणून मी बोटे आधी राखेने, नंतर साबणाने आणि शेवटी लिंबाच्या सालीने घासत असे. हा क्रम मी सहज सांगत नाही. पुढे जे घडले त्यात त्या वासाचा वाटा आहे.

घरात आम्ही चौघे होतो. बाबा दोन भागीदारांसह होडी चालवीत. आई दादरच्या बाजारात मासळी विकायला बसे. माझी मोठी बहीण कुमुद, जिला मी बाय म्हणते, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. परळच्या एका मोठ्या इस्पितळात परिचारिकेचे शिक्षण पूर्ण करून ती तेथेच नोकरीला लागली होती. आणि मी, सुमन. बाबांच्या तोंडी ‘मास्तरीण’. आईचे गुडघे त्या सुमारास धरू लागले होते. मासळीची भरलेली पाटी डोक्यावर घेऊन उभे राहणे तिला जमेना. म्हणून बायने आपली साप्ताहिक सुट्टी बुधवारी मागून घेतली होती, कारण बुधवारी आमच्याकडे गिऱ्हाईक जास्त. रात्रपाळी करून आलेली बाय पांढरा गणवेश खुंटीला टांगायची, जुने लुगडे नेसायची आणि पाटी उचलायची. तिच्या हाताखालचे रुग्ण बाजारात भेटत. “सिस्टर, तुम्ही इथं?” असे कोणी विचारले तर ती म्हणे, “तिथं सुई टोचते, इथं काटा टोचतो. फरक काय?”

बाबा अंतर मैलांत मोजत नसत. ते बर्फात मोजत. होडीवर किती लाद्या घेतल्या यावर किती दूर जायचे ते ठरे, आणि त्यांचा नियम असा की अर्धा बर्फ संपला की समोर मासा उड्या मारत असला तरी होडी फिरवायची, कारण उरलेला अर्धा बर्फ परतीचा. भुसा नीट घातला आणि गोणपाट ओले ठेवले तर एक लादी एक दिवस आणि एक रात्र पुरते, हे त्यांचे कोष्टक होते. घड्याळ त्यांनी कधी बांधले नाही. कोणी “कवा येशील?” असे विचारले तर ते “दोन लाद्यांनी” असे सांगत, आणि वाड्यात सगळ्यांना ते कळे.

हाच नियम त्यांनी घरालाही लावला होता, आणि त्याला एक कारण होते. माझे आजोबा वारले तेव्हा बाबा समुद्रात होते. निरोप पोचवायला साधन नव्हते. चुलत्यांनी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली आणि अंत्यविधी उरकून घेतला. बाबा तिसऱ्या दिवशी आले. त्या फेरीत पापलेट भरपूर मिळाले होते आणि होडीच्या पोटात अजून दीड लादी शिल्लक होती. ही हकीकत बाबा एकाच वाक्यात सांगत आणि पुढे बोलत नसत: “माशांना बर्फ होता, बापाला नव्हता.” तेव्हापासून त्यांनी ठरवले होते की आपल्या घरातले माणूस कोठेही जावो, मागे काही बरेवाईट झाले तर एका लादीत घरी पोचता आले पाहिजे. एक लादी म्हणजे चोवीस तास. आत्या नंदुरबारला दिली ती या हिशेबात बसली. काकांच्या मुलाला जहाजावर खलाशाची नोकरी मिळत होती, ती बसली नाही. नियमाविरुद्ध कोणी वाद घातल्याचे मला आठवत नाही. येथे मला, शिक्षिका म्हणून, एक दोष नोंदवलाच पाहिजे. तार पोचायला किती वेळ लागेल, तिकीट त्याच दिवशी मिळेल का, याचा विचार त्या नियमात नव्हता. बाबांनी फक्त वाटेचा वेळ धरला होता. पण नियम सदोष होता म्हणून माझे वागणे निर्दोष ठरत नाही.

मार्गशीर्षात बायला पत्र आले. तिच्या इस्पितळातली एक वरिष्ठ सिस्टर काही वर्षांपूर्वी टोरांटोला गेली होती. तेथे परिचारिका हव्या होत्या आणि तिने बायचे नाव सुचवले होते. दोन महिन्यांत होकार कळवायचा होता. बायने ते पत्र घरात लगेच वाचून दाखवले नाही. चार दिवस ते तिच्या उशीच्या अभ्र्यात होते आणि ते मला माहीत होते, कारण आम्ही दोघी एकाच गोधडीत निजत असू. पाचव्या दिवशी जेवताना तिने सांगितले. आईने तिच्या ताटात आणखी एक मांदेली वाढली. काटे काढता काढता बाबांनी एवढेच विचारले, “किती लांब हाय?”

बायला ठाऊक नव्हते. तिने माझ्याकडे पाहिले. बाबांनीही माझ्याकडे पाहिले. “मास्तरीण मोजील. रविवारपर्यंत सांग. लादीत बसत असल तर जाऊ दे तिला.”

मला त्या क्षणी अभिमान वाटला, हे प्रामाणिकपणे सांगते. आमच्या घरात इतका मोठा प्रश्न कोणी माझ्यावर सोपवला नव्हता.

शाळेत भूगोलाचे सर होते. केस करडे, पाठ थोडी वाकलेली, खडूची पूड कायम कोटाच्या बाहीवर. “मोज, मग बोल” हे त्यांचे वाक्य. त्यांनी मला मधल्या सुट्टीत भूगोलाच्या खोलीतला पृथ्वीचा गोल वापरू दिला. मी घरून जाळे शिवायचा घट्ट पिळाचा सुती धागा नेला होता, कारण तो ताणला तरी लांबत नाही. सरांनी पद्धत दाखवली. आधी धागा विषुववृत्ताभोवती गुंडाळून त्याची लांबी पट्टीवर मोजायची. ती भरली चौऱ्याण्णव सेंटीमीटरांवर थोडी. पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर, म्हणजे गोलावरचा एक सेंटीमीटर सुमारे सव्वाचारशे किलोमीटरांचा. मग धाग्याचे एक टोक मुंबईवर, दुसरे टोरांटोवर, आणि धागा ताठ ओढायचा. सर म्हणाले, “तू त्याला वाट दाखवू नकोस. ताणलेला धागा आपली वाट आपणच शोधतो.” आणि धागा खरोखरच घसरत घसरत वर गेला. अफगाणिस्तान, रशिया, नॉर्वेचा माथा, ग्रीनलंड, आणि तेथून उतरून कॅनडा. मला वाटले होते तो अरबस्तानावरून पश्चिमेकडे जाईल. पट्टीवर तो एकोणतीस सेंटीमीटर चार मिलिमीटर भरला. साडेबारा हजार किलोमीटर. विमान ताशी साडेआठशेने धरले तर पावणेपंधरा तास, मध्ये युरोपात एक थांबा चार तासांचा, आणि विमानतळातून बाहेर पडून माहीमला यायला सव्वा तास. एकूण वीस तास. सरांनी वहीवर सही केली.

वीस तास, म्हणजे लादीत बसत होते. मी धावत घरी आले, आणि तेथे सगळे बदलले.

मागच्या दारी आई शेजारच्या मावशीबरोबर कोळंबी सोलत होती. मी मोरीपाशी पाय धूत होते; त्यांना मी दिसत नव्हते. मावशीने विचारले की बाय गेली तर बुधवारी पाटी कोण उचलणार. आई म्हणाली, “सुमी हाय ना. दहावी झाली की पुरे झाली शाळा. बुधवारीच काय, रोज येल. मना तरी आता कुठं उभं रहावतंय?” तिच्या आवाजात दुष्टावा नव्हता. तक्रारही नव्हती. उद्या भरती किती वाजता आहे हे सांगावे, तितक्याच सहज ती बोलली होती.

मी पाय धुऊन आत गेले नाही. ओट्यावर, लादीच्या बाजूला बसून राहिले. माझ्या मनात जे चालले होते त्याला मी पुढे पुष्कळ वर्षे एक सोज्ज्वळ नाव देत आले: बायने जाऊ नये असे मला वाटले, कारण माझा तिच्यावर जीव होता. जीव होताच. मला पाढे तिने शिकवले, माझे केस ती विंचरायची, रात्रपाळीहून येताना ती माझ्यासाठी इस्पितळाच्या उपाहारगृहातला बटर-स्लाइस कागदात गुंडाळून आणायची. पण त्या संध्याकाळी ओट्यावर मी तिच्याविषयी विचार करत नव्हते. मी माझ्या बोटांचा वास घेऊन पाहत होते.

रविवारी दुपारी जेवणे झाल्यावर बाबांनी मला बोलावले. मला गोल आणणे शक्य नव्हते, तो शाळेचा होता. पण सरांनी मला बक्षीस दिलेला एक जुना नकाशासंग्रह माझ्याकडे होता, त्यातला जगाचा नकाशा दोन पानांवर पसरलेला. तो मी ओट्यावर उघडला. वाऱ्याने पाने उडू नयेत म्हणून बाबांनी चार कोपऱ्यांवर जाळ्याची शिशाची वजने ठेवली. आई उंबऱ्यात बसली. बाय आत भांडी घासत होती; भांड्यांचा आवाज थांबला होता, त्यावरून ती ऐकत होती हे कळत होते.

सपाट नकाशाविषयी सरांनी मला दोन महिन्यांपूर्वीच सांगितले होते. “हा नकाशा डोक्याकडे फुगतो,” ते म्हणाले होते. “पृथ्वी वर निमुळती होते, कागद होत नाही. म्हणून याच्यावर लांबचे अंतर कधी मोजू नकोस.” नकाशाच्या तळाशी प्रमाण छापलेले होते: एक सेंटीमीटर बरोबर एक हजार किलोमीटर. आणि त्यापुढे कंसात, बारीक टाइपात, ‘फक्त विषुववृत्तावर’. मी प्रमाण मोठ्याने वाचले. कंसातले शब्द वाचले नाहीत.

“बाबा, तुम्ही मुंबई धरा,” मी म्हणाले. त्यांनी आपल्या जाड, मिठाने भेगाळलेल्या बोटाने धाग्याचे टोक मुंबईवर दाबले. मी माझे टोक टोरांटोवर ठेवले. धागा अरबस्तान, आफ्रिकेचा वरचा भाग आणि अटलांटिक ओलांडून सरळ गेला. पट्टीवर सतरा सेंटीमीटर तीन मिलिमीटर. सतरा हजार तीनशे किलोमीटर. साडेआठशेने भागले की साडेवीस तास. वाट इतकी लांब म्हटल्यावर थांबे दोन, त्यांचे आठ. वर घरी पोचायचा वेळ. “तीस तास,” मी सांगितले.

बाबा नकाशाकडे बघत राहिले. त्यांना वाचता येत नव्हते, पण दोर ताणणे हा त्यांचा जन्माचा धंदा होता. त्यांच्या कपाळावर एक आठी पडली. “जग वाटोळं हाय म्हणता ना तुमी? मग हा कागद सपाट कसा? वाटोळ्यावर दोर टाकला तर तो असाच जाईल का?”

पाचवीपर्यंतही न शिकलेल्या माझ्या बापाने नेमका तोच प्रश्न विचारला होता जो मी पुढे नववीच्या प्रत्येक वर्गाला विचारत आले, आणि ज्याचे उत्तर शंभरात पाच मुली देतात. त्या क्षणी मला परत फिरता आले असते. मी त्यांच्याकडे न पाहता, सरांच्या आवाजात म्हणाले, “सपाट केल्याशिवाय मोजता येत नाही, बाबा. पुस्तकात तसंच आहे.”

त्यांची आठी गेली. ते हसले, आणि आईकडे पाहून म्हणाले, “मास्तरीण सांगते म्हणजे असंल.” मग त्यांनी तो धागा उचलून आपल्या तर्जनीभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. “तीस. लादी पुरत नाय.”

बाय बाहेर आली. हात ओलेच होते. तिने नकाशावरची दोन्ही शहरे पाहिली, मग मला विचारले, “सुमे, नीट मोजलंस ना?”

“दोनदा,” मी म्हणाले. हे उत्तर अक्षरशः खरे होते.

ती “बरं” म्हणाली आणि आत गेली. भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला. नकाराचे पत्र तिने मलाच लिहायला सांगितले, कारण माझे इंग्रजी अक्षर चांगले होते. मी ते दोन प्रतींत लिहिले, एक पाठवायला आणि एक तिच्याजवळ ठेवायला. पाकिटावर टोरांटो हा शब्द मी वळणदार अक्षरात लिहिला.

दहावीचा निकाल लागला. आई पुन्हा पाटीचा विषय काढणार तेवढ्यात बाय म्हणाली की बुधवार तिचा आहे आणि तो तिचाच राहील. सुमी कॉलेजात जाईल. मला न सांगता तिने अर्जही आणून ठेवला होता. म्हणजे मी ज्या भीतीपोटी ते सगळे केले ती भीती, बाय जाणार असती तरी, ती कदाचित दूर करूनच गेली असती. हे मला त्या दिवशी कळले. सांगायचे होते तर तो दिवस होता. पत्र जाऊन सहा महिने झाले होते, तरी तेथे अजून माणसे हवी असतीलच. मी अर्ज भरला आणि भूगोल हा विषय घेतला.

बायचे आयुष्य वाया गेले असे मी कोठेही म्हणणार नाही. ते ठरवण्याचा अधिकार शेवटी माझा नव्हे. तिने माहीममध्येच लग्न केले, तिला एक मुलगा आहे, ती परळला मेट्रन होऊन निवृत्त झाली आणि तिच्या हाताखाली तयार झालेल्या मुली आज निम्म्या जगात आहेत. आईने पाटी सोडेपर्यंत, म्हणजे आणखी अकरा वर्षे, प्रत्येक बुधवारी तीच बाजारात गेली. मी इतकेच म्हणते की एक दार तिच्यासमोर उघडे होते, आणि ते बंद आहे असे तिला मी सांगितले.

वर्गात नकाशांचा धडा आला की मी मुलींना गोल आणि धागा देत असे. दिल्ली–न्यूयॉर्क घ्या, कोलकाता–लंडन घ्या, असे मी फळ्यावर लिहीत असे. मुंबई–टोरांटो मी कधी लिहिले नाही. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने आपला मामा तेथे आहे म्हणून स्वतःहूनच ते मोजले आणि उभी राहून सांगितले, “बाई, एकोणतीस पूर्णांक चार.” मी तिला बरोबर म्हटले आणि तासाची घंटा होण्याआधीच वर्गाबाहेर गेले.

बाबा वारले ते एका दुपारी, घरीच, ओट्यालगतच्या खाटेवर. बायचे बोट त्यांच्या नाडीवर होते. मी दादरच्या शाळेतून टॅक्सीने पंधरा मिनिटांत पोचले. वाड्याच्या रीतीप्रमाणे कोणीतरी कारखान्यातून लादी मागवलीच होती. हातगाडीवरून ती आली, भुसा घालून आत ठेवली गेली. पण ज्याची वाट पाहायची असे कोणीच नव्हते. सगळे होते. संध्याकाळी आम्ही परत आलो तेव्हा ती लादी जवळजवळ होती तेवढीच शिल्लक होती, आणि तिचे पाणी ओट्याच्या कडेने नेहमीच्या रेषेत गटाराकडे चालले होते. आईने तिच्यावरचा भुसा हाताने झाडला. मग म्हणाली, “न्या कुणीतरी. मासळीला लागल.” शेजारच्यांनी ती दोघांत उचलून नेली. बाय दाराला टेकून उभी होती. मी तिच्याकडे पाहू शकले नाही.

आता या वर्षीची गोष्ट. बाय संध्याकाळी शिवाजी पार्कला एक फेरी मारते आणि मग माझ्या घरी चहाला येते. गेल्या महिन्यात तिची एक विद्यार्थिनी, हुशार मुलगी, नोकरीसाठी टोरांटोला निघाली होती, आणि बाय फोनवर तिचे विमान पाहत होती. हल्ली नकाशावर एक छोटे पिवळे विमान सरकताना दिसते. युरोपातला थांबा घेऊन ते पुढे निघाले होते. बायने चष्मा सारखा केला आणि फोन माझ्यासमोर धरला. “तू भूगोलाची ना गो? सरळ जायचं सोडून हे असं वर ग्रीनलंडकडे वाकडं का चाललंय?”

माझ्या आयुष्यात हा प्रश्न मला दोनदा विचारला गेला आहे. पहिल्यांदा विचारणारा माणूस आता नाही.

मी म्हणाले, “वाकडं नाही चाललंय, बाय. तीच सरळ वाट आहे. नकाशा सपाट आहे म्हणून वाकडी दिसते.” आणि तेथे न थांबता मी पुढचे सगळे सांगितले: गोल, धागा, सरांची सही, मोरीपाशी ऐकलेले बोलणे, कंसातले शब्द, ‘दोनदा’. मला वाटते मी दहा मिनिटे बोलत होते. चहा निवला.

बाय रडली नाही, रागावली नाही. तिने माझ्या कपाटावरचा गोल मागितला. निवृत्तीच्या वेळी शाळेने मला दिलेला, शाळेतल्या जुन्या गोलाएवढाच. माझ्या शिवणाच्या डब्यातून तिने धागा घेतला. मी टोक धरायला हात पुढे केला तेव्हा ती म्हणाली, “तू नको धरूस.” एका हाताच्या अंगठ्याने तिने मुंबई दाबली, दुसऱ्याने टोरांटो, आणि धागा ताणला. चाळीस वर्षे सलाइन लावलेले हात. धागा जराही हलला नाही. तो आपणच वर सरकला. तिने तो टोरांटोपाशी नखाने दाबून पट्टीवर लावला आणि वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीने आकडे मांडले. गुणाकार केला, भागाकार केला, थांब्याचे चार मिळवले, घरी पोचायचे सव्वा मिळवले. मग पेन्सिल खाली ठेवली.

“वीस,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, खिडकीकडे पाहत: “चार तास उरले असते लादीतले.”

एवढेच ती बोलली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पुन्हा चहाला आली. त्या विषयावर आम्ही अजून बोललेलो नाही. गोल मात्र तिने परत कपाटावर ठेवू दिला नाही. तो टेबलावरच आहे, आणि धागा त्याच्या दांड्याला गुंडाळलेला आहे.

म्हणून माझे उत्तर असे: मुंबई ते टोरांटो सुमारे साडेबारा हजार किलोमीटर, आणि त्या काळी, मध्ये एक थांबा धरून, घरापर्यंत वीस तास. पण हे उत्तर मी दिले आहे म्हणून ते स्वीकारू नका. एक गोल घ्या, न लांबणारा धागा घ्या, दोन्ही टोके स्वतःच्याच बोटांनी धरा, आणि मोजून पाहा.